हिरव्या रंगाचा कांगारू

ब्रोकन हिल,
शुक्रवार, १९ ऑगस्ट १९९४

प्रिय मर्लमावशी,

मी मजेत आहे. वेळेवर जेवतो, मोजे धुतो, आणि तू विचारलंस म्हणून सांगतो, पोरगी अजून कुठली भेटलेली नाही. तुझे गुडघे काय म्हणतायत? कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागल्या का?

कागदाची डावी बाजू कोरी सोडून उजव्या अर्ध्यातच लिहितोय, ते पाहून कागद नासतो म्हणून ओरडू नकोस. कारण शेवटी सांगेन. खरं तर फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? "पैसे जातायत, ठेव आता" म्हणून तूच ठेवतेस.

तुझी गाडी सुखरूप पोचली. गावाहून ती घेऊन आलेल्या लेननं मेबलला ट्रेलरवरून माहेरवाशिणीसारखं उतरवून घेतलं. तू पुढच्या कप्प्यात ठेवलेली जॅमची बाटली माझ्या आधी आमच्या मालकाच्या हाती लागली. आन्ते त्याचं नाव. क्रोएशियातून कोवळ्या वयात इकडे आला आणि तेव्हापासून गाड्यांचे पोचे काढतोय. जॅम पावाला लावून संपवला आणि वर मला म्हणतो, "ही बाई लग्नाची आहे का रे?" मी म्हटलं, आहे, पण माझ्या काकाच्या मागे तिनं कुणाकडे पाहिलं नाही. तर म्हणतो, "गाडीकडे पाहून वाटतं, समोरही फारसं पाहत नाही."

मी हसलो. तेव्हा हसलो.

मेबल एकतीस वर्षांची झाली तरी पत्रा असा ठणठणीत की आन्ते खूश. हल्लीचा पत्रा बिस्किटाचा आणि हा भाकरीचा, असं काहीतरी तो बोलला. त्यानं पहिल्या दिवशी सांगून टाकलं, की या गाडीत पुट्टी भरायची नाही. मागून लोखंडाचा ठोकळा धरायचा, पुढून हातोडी मारायची, आणि पत्रा हळूहळू जागेवर आणायचा. वेळ लागला तरी चालेल. त्याच्याकडे लागल्यापासून मला पहिल्यांदाच असं काम मिळालंय. पायाला भिंगरी म्हणून तू मला नावं ठेवतेस ना? मेंढ्यांच्या शेडवर टिकलो नाही, खाणीत टिकलो नाही. इथे टिकलोय. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवतो तेव्हा डोक्यातलं सगळं शांत होतं. डोळ्याला सपाट दिसलेला पत्रा तळव्याला खड्डा दाखवतो.

आता मुख्य गोष्ट. आन्तेचा एक नियम आहे, आणि तो म्हणतो सगळ्या जगातल्या पोचे काढणाऱ्यांचा आहे. एकाच जागी अनेक पोचे असले, तर सगळ्यात शेवटी पडलेला आधी काढायचा. मग त्याच्या आधीचा. असं मागे मागे जात पहिल्यापर्यंत. क्रम चुकला तर पत्रा ताणला जातो आणि मग फुगे येतात, ते मरेपर्यंत जात नाहीत. म्हणून हातोडी उचलायच्या आधी कुठला पोचा कधीचा ते वाचायचं.

मी म्हटलं, सोपंय. मावशीनं सांगितलंय, जूनमध्ये संध्याकाळी एक कांगारू आडवा आला. एकच आहे.

आन्ते उकिडवा बसला. डाव्या मडगार्डावर नाक टेकवून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "पोरा, तुमच्याकडे कांगारू हिरवे असतात?"

हिरवा रंग होता, मावशी. पोच्याच्या कडेला, नखानं निघेल एवढा. तो रंग मी कुठेही ओळखेन. पाण्याच्या टाकीखालचा लोखंडी सांगाडा मीच गेल्या नाताळात रंगवला, आणि तू म्हणालीस की हा रंग बेडकाचा आहे.

कांगारू खरा आहे, खोटं नाही. दिव्याच्या कड्यात त्याचे केस अडकलेत. पण तो सगळ्यात खाली आहे, म्हणजे पहिला. त्याच्यावर हिरवा. हिरव्यावर पांढरा, तो गावच्या सभागृहाच्या फाटकाचा खांब असणार. सगळे डाव्या बाजूला. सगळे हळू चालत्या गाडीचे. उजवीकडे एक ओरखडा नाही. तो अख्खा भाग काकानं पुसून ठेवल्यासारखा चकचकीत.

उरलेलं उद्या लिहितो. हात दुखतोय.

रविवार

काल लिहिलं नाही. हात दुखत नव्हता, खोटं बोललो. लेनला फोन करायचा होता.

सगळ्यांच्या वर अजून एक खूण आहे. पोचा म्हणावा इतका खोल नाही. मडगार्डापासून दारापर्यंत गेलेला एक निळा ओरखडा, आणि त्याच्या टोकाला काळं रबर घासलेलं. माझ्या मांडीच्या उंचीवर. आन्तेनं बोट ठेवलं आणि या वेळी चेष्टा केली नाही. म्हणाला, "हा शेवटचा. इथून सुरुवात कर." आणि आत निघून गेला.

ते सायकलच्या मुठीचं रबर आहे. लहान सायकल.

लेन आधी मेंढ्यांचे भाव सांगत बसला. मग मी म्हटलं, लेन, निळी सायकल कुणाची? तेव्हा बोलला. त्याच्या नातीची, टेगनची. पोस्टाबाहेर कुंपणाला टेकवून ती आत गेली होती, आणि तू गाडी लावताना सायकल घासत गेलीस. चाक वाकलं. तू उतरलीस, बाहेर आलेल्या टेगनला खाऊची गोळी दिलीस, तिच्या वेण्यांचं कौतुक केलंस आणि निघून गेलीस. तुला कळलंच नाही. लेननं चाक सरळ केलं आणि पोरीला सांगितलं की मर्लआजीला बोलायचं नाही, तिला वाईट वाटेल. सगळं गाव असंच करतंय, मावशी. तू येताना दिसलीस की लोक आपापल्या गाड्या पलीकडे लावतात. लेन म्हणाला, "तिला कुणी सांगायचं? तिनं आमच्या घरातली दोन बाळंतपणं केलीत."

म्हणून मी सांगतोय. माझ्या वेळी सुईण दुसरीच होती, त्यामुळे मला ती अडचण नाही.

तुला डावीकडचं दिसत नाहीये, मावशी. कधीपासून ते मला माहीत नाही. पण नाताळात तू मला तुझ्या उजव्या हातालाच बसवत होतीस, आणि मी डावीकडून चहा मागितला तर दचकलीस. ताटातली डाव्या बाजूची गाजरं राहिली. मला वाटलं, तुला गाजरं नकोशी झाली असतील. आणि तुझी पत्रं. वर्षभर तुझी पत्रं कागदाच्या मध्यापासून सुरू होतात. डावा अर्धा भाग कोरा. मी हसून आन्तेला दाखवायचो, की बघ, मावशी किती उधळी झालीय. आता नाही दाखवत.

तुझ्या नजरेनं लिहून बघावं म्हणून मीही उजव्या अर्ध्यातच लिहिलं. डावीकडची कोरी जागा मी सांगेपर्यंत तुला दिसली नसेल, तर माझं खरं आहे असं समज.

दोन ऑक्टोबरला गावचा मेळा आहे. मेबल मिरवणुकीच्या पुढे असणार, टपाच्या दांडीला रिबिनी असणार, आणि दोन्ही बाजूंनी शाळेतली पोरं एकेक रिबीन धरून चालणार. लहानपणी मीही चाललोय तसा. डावीकडून चाललोय, कारण त्या खिडकीतून तू गोळ्या द्यायचीस. या वर्षी टेगन पहिल्यांदा रिबीन धरणार आहे. लेन सांगत होता, तिनं निळी मागितलीय. सायकलच्या रंगाची.

मेबल तोवर तयार होईल, शब्द देतो. पण किल्ली मी देणार नाही. रागाव, शिव्या घाल, जॅम पाठवू नकोस. आन्तेनं मला महिन्याची सुट्टी दिलीय, आणि मेबलला मी स्वतः चालवत आणणार आहे. आधी आपण दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. काही उपाय असेल तर तो करू. नसेल तर सुट्टी संपल्यावरही तुझ्याकडेच राहण्याबद्दल आन्तेशी मी बोलून ठेवलंय. तो म्हणाला, हातोड्या बरोबर घेऊन जा, पोचे सगळीकडे पडतात.

वॉल्टकाकाच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तू त्याला काय म्हणालीस, आठवतं? मी मागच्या सीटवर होतो. त्यानं किल्ली मुठीत धरून ठेवली होती. गुरासारखा हटून बसला होता. तू त्याचा हात उघडला नाहीस. म्हणालीस, "वॉल्ट, इतकी वर्षं रस्ता तू पाहिलास आणि गाव मी पाहिलं. आता जरा तू गाव बघ." तेव्हा तो उठून पलीकडच्या खिडकीशी बसला. नंतर म्हणायचा, आपल्या गावात इतकी झाडं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

मला त्याच्याहून चांगलं काही सुचत नाही. तेच वाक्य माझ्याकडून घे.

आज सकाळी निळा ओरखडा काढला. दुकान बंद होतं, पण आन्तेनं उघडून दिलं आणि स्वतः दारात पेपर वाचत बसला. फार वेळ लागला नाही. तळवा फिरवला तर काही लागलं नाही, जणू तिथे कधी काही नव्हतंच. त्यानंच जास्त घाबरलो. पांढरा उद्या, मग बेडकाचा हिरवा. कांगारू शेवटी.

पत्रात मात्र मी क्रम उलटा धरला. कांगारूपासून सुरू केलं आणि शेवटचं शेवटी सांगितलं. चुकलं असेल तर फुगे येतील. आल्यावर दोघं मिळून बसवू.

रिबिनी तू निवड. गोळ्या भरपूर आण. डावीकडच्या पोरांना तुझ्या खिडकीतून तूच द्यायच्यात. मान जरा जास्त वळवावी लागेल, एवढंच. रस्ता मी बघतो.

तुझ्या उजव्या हाताला बसायला निघालेला,
फर्गस