दादाचं टोकन

३ मार्च

लिहीन लिहीन म्हणत ही वही बॅगेच्या तळाशीच राहिली. दादाकडे राहायला आले तेव्हाच सुरू करायची होती. आज डोकं फिरलंय म्हणून काढली.

दादाचं ऑफिस खाली, घर वर. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतात. दादा गिऱ्हाईक आणतो, वहिनी कोड लिहिते, आणि मी गिऱ्हाइकाकडे जाऊन ते त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवून द्यायचं. कॉलेज दोनदा सोडलेल्या मुलीला याहून बरं काम कोण देणार, असं वहिनी म्हणाली. पाठीमागे नाही, तोंडावर. ताट वाढता वाढता.

आज तिने टोकन दिलं. यांचा सगळा कोड इंटरनेटवर कुलपात असतो, एकेका कामाचं एकेक कपाट. टोकन म्हणजे त्याची किल्ली — लांबलचक, वाचता न येणारी अक्षरं. ती दिली की त्या कपाटातल्या कोडची प्रत मशीनवर उतरते. माझी किल्ली कशी? एकाच कपाटाची. फक्त वाचायची. आठवड्याने आपोआप मरणारी. वर तिला नावही दिलेलं. "प्रत्येक टोकनला नाव द्यायचंच. रद्द करताना कोणाचं ते कळतं." रद्द म्हणताना बाईसाहेब माझ्याकडे बघत होत्या.

दादाने डोळा मारला. म्हणाला, भटके, मनावर घेऊ नको. भटकी हे त्याचं माझ्यासाठीचं नाव. त्याच्याशिवाय कोणी म्हणत नाही, कोणी म्हणूही नये.

५ मार्च

दाताच्या डॉक्टरकडे. काचेच्या पेटीत एक मासा तिरका पोहत होता. आजारी की नुसताच आगाऊ? कितीतरी वेळ त्याच्यासमोर बसले, मग काम आठवलं.

बिलांचा भाग निघाला दुसऱ्या कपाटात. माझं टोकन तिथे चालेना. वहिनी फोन उचलेना. दादाला लावला. तो म्हणाला, तिला कशाला विचारतेस, शंभर प्रश्न काढेल. आणि स्वतःच्या खात्यावरून नवीन टोकन करून पाठवून दिलं. सगळी कपाटं उघडणारं! फक्त एवढंच, तिला सांगू नको.

वहिनीने शिकवलेलं — पासवर्ड विचारला की तिथे टोकन चिकटवायचं, कपाटाच्या इंटरनेटवरच्या पत्त्यात कधीच घालायचं नाही. पण पासवर्डच्या जागी काही चिकटवलं तरी पडद्यावर काहीच दिसत नाही. एक टिंबसुद्धा नाही. मला वाटलं, चिकटतच नाहीये. दिलं घालून सरळ पत्त्यात. लगेच उतरलं सगळं.

डॉक्टरांचा भाचा रिसेप्शनवर बसतो. कॉम्प्युटरचं शिकलेला, गोड बोलणारा. तुमचं काम भारी आहे म्हणाला. या घरात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी बरं बोललं.

९ मार्च

वहिनी आज दिवसभर एक शब्द बोलली नाही. छान गेला दिवस.

१४ मार्च

फुटलं.

डॉक्टरांचा भाचा आमचंच सॉफ्टवेअर निम्म्या किमतीत दुसऱ्या दवाखान्यांना दाखवत फिरतोय. एका गिऱ्हाइकाने वहिनीला कळवलं. तिने नोंदी उघडल्या. आमची सगळीच्या सगळी कपाटं त्या रिसेप्शनच्या मशीनवर उतरवलेली, दादाच्या नावाने.

दोघांना समोर बसवलं. मला विचारलं, टोकन पत्त्यात घातलं होतंस ना? हो म्हणाले. पत्त्यातलं टोकन उतरलेल्या कोडच्या फोल्डरमध्ये जसंच्या तसं लिहून राहतं, भाच्याने तिथूनच उचललं. ते माझं चुकलं, कबूल.

"आणि याचं टोकन तुझ्याकडे कुठून आलं?"

मी म्हटलं, दादाने दिलं. वहिनी हसली. असं घाण हसू मी कोणाचं पाहिलं नाही. "तो मला देत नाही, तुला देईल?"

मी दादाकडे बघितलं. तो टेबलावरची टाचणी नखाने सरळ करत बसला होता. मग म्हणाला, "माझ्या लॅपटॉपवरून घेतलं असेल तिने. मी कशाला देऊ?"

फोन उघडला. त्याने पाठवलेलं टोकन गायब! मी दाखवायच्या आधीच त्याने पुसलेलं. सख्खा भाऊ.

वहिनीने तिथल्या तिथे सगळ्यांची टोकनं एका दमात रद्द केली. माझं तर आधीच मेलेलं. मग मलाही रद्द केलं. म्हणाली, चोराला माझ्या घरात जागा नाही.

१५ मार्च

शिंपीणबाईंच्या दुकानावर खोली घेतली. शिवणयंत्र सुरू झालं की पलंग थरथरतो. बरंय, झोपेची नाहीतरी बोंबच आहे.

याआधी कितीतरी घरं सोडली, पण स्वतःहून. हाकलून आजवर कोणी दिलं नव्हतं. आणि चोर? तेही दादाच्या शब्दावरून!

निघताना दादा फाटकापर्यंत बॅग घेऊन आला. वहिनीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, चार दिवस जाऊ दे, मी बघतो.

"बघू नको. सांग."

बॅग खाली ठेवून आत गेला.

१७ मार्च

सांगितलं नाही.

२० मार्च

शिंपीणबाईंनी खालून हाक मारली, कोणीतरी आलंय. दादा असणार म्हणून मुद्दाम सावकाश उतरले. शिव्या तयारच होत्या.

वहिनी! खांद्याला लॅपटॉप, पायाशी मोठी सूटकेस.

वर या म्हटलं नाही. तिनेही विचारलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी रागात नावं न वाचताच रद्द केली. आज नोंदी नीट वाचल्या. त्याने टोकनला नाव दिलं होतं. 'भटकीसाठी'."

आता ती माझ्या पलंगावर बसली आहे. खाली यंत्र सुरू झालंय, आणि दोघी थरथरतोय.