वेंगुर्ल्यात न्याहारी कुठं करावी

७ जानेवारी १९३५

आज पुन्हा खोटं बोलले. चिकोडीच्या एका बाईनं विचारलं, "तुमी वेंगुर्ल्याला गेलता काय हो कधी?" मी म्हटलं, "दोनदा!" दोनदा! तीन वर्षांत शहापूरची ही गल्ली सोडून बस्तीच्या पलीकडे पाऊल पडलेलं नाही. बस्तीत देवदर्शनाला जाते तेही आत्याबाईंच्या मागून.

पण वेंगुर्ल्यात सकाळी कुठं खावं हे माझ्याइतकं अख्ख्या बेळगावात कुणाला ठाऊक नसेल. मामंजी मोटारीची तिकिटं देतात. मोटार सुटेपर्यंत बायका आमच्या सोप्यावर टेकतात. आलेल्यांना मी विचारते, जाणाऱ्यांना सांगते. आमच्या जैन बायकांना तर लई काळजी. मोटार पोचते दिवेलागणीनंतर, आणि दिवस मावळल्यावर आम्ही तोंडात काही घालत नाही. म्हणजे उपाशीच निजायचं. सकाळी ऊन आलं की चार घास खायचे आणि मुंबईच्या बोटीकडे पळायचं. तेवढ्यात कांदा-लसूण नसलेलं, मासळीचा वास नसलेलं कुठं शोधणार! म्हणून माझी यादी. ह्याच वहीच्या मागच्या पानांवर.

८ जानेवारी

आज यादीत भर. देवळासमोरच्या भटीणबाईंची पेज आणि फणसाचे पापड, चांगले. बाजारातले गुळाचे पोहे, ओला नारळ घालतात, गरम असतील तरच घ्यावेत. घावन म्हणे लई मऊ! पण त्या तव्यावर आधी काय भाजलं ते विचारून घ्यावं. समुद्राकडची चहाची जागा महाग, आणि तिथला माणूस बायकांशी नीट बोलत नाही.

बंदरामागे मुळीच जाऊ नये. तिथं नुसती मासळी, असं मामंजींनी बजावून ठेवलंय. मी सगळ्यांना पहिलं तेच सांगते.

मला मात्र ते घावन एकदा खायचंय. तिथंच उभं राहून, समुद्राकडे तोंड करून.

१९ जानेवारी

दादा आला होता बोरगावहून. मी दाराआड. म्हणाला, "मामा, तीन वर्सं झाली. चार दिस तरी ब्राह्मीला म्हायेरी धाडा."

मामंजींचं ठरलेलं उत्तर. "पोरगा घरात पाय ठेवू दे, मग खुशाल घिऊन जा. माजा, ह्या कलगोंडाचा शब्द हाय. तवर सून हितनं हलायची न्हाय. तो आला आन् बायको घरात न्हाय, लोक काय म्हंतील?"

तो! मुंबईला नोकरी बघतो म्हणून गेला. वेंगुर्ल्याहून एक कार्ड आलं, "बोट उद्या आहे." त्यानंतर आजतागायत काही नाही.

दादा शेंगांचं पोतं ठेवून गेला. जाताना दाराकडे बघून म्हणाला, "येतो गं." मला रडू नाही आलं, संताप आला. मी काय ठेवलेलं गाठोडं आहे? मालक येईपर्यंत जपून ठेवा म्हणे! दुपारी भाकरी अशी थापली की आत्याबाई आतून ओरडल्या, "परात फोडतीस काय गं?"

२० जानेवारी

काही नाही. शेजारचे माग दिवसभर ठोकठोक. भांडी.

११ फेब्रुवारी

आज कारळ्याची चटणी केली. दरवेळी हसू येतं. लग्नानंतर आठव्या दिवशी कारळं भाजताना त्यातच मेथ्या पडल्या, मूठभर! घाबरून तशीच कुटली. सगळ्यांनी थुंकली. मामंजींनी पाण्याचा तांब्या रिकामा केला. एकटा तो खात राहिला. म्हणाला, "मला हीच आवडली. अशीच करत जा." पुढं वर्षभर त्याच्यापुरती वेगळी करत होते, मेथ्या घालून, छोट्या बरणीत. जगात दुसरं कुणी असली कडू चटणी करत नसेल.

तो गेल्यापासून मेथ्या घातल्या नाहीत. बरणी रिकामीच आहे.

३ मार्च

खानापूरकडच्या अंबुबाई परत आल्या. गुडघ्यांसाठी वैद्यानं समुद्राची हवा सांगितली होती. जाताना घाईत होत्या, त्यांना मामंजींची ताकीद सांगायचं राहून गेलं. त्या नेमक्या बंदरामागे गेल्या!

"अगं, कसली मासळी आन् कसलं काय! तितं एक खानावळ हाय. ज्वारीची दशमी देतो, दही, चटणी. कांदासुदीक न्हाय. कोकनात ज्वारीची दशमी! माजा जीव निवला बग."

मी पेन्सिल घेतली. "कोण चालवतो?"

"हाय एक अण्णा, आपल्याच भागातला वाटतोय. पर येडा हाय गं. पाणी दुहेरी फडक्यातनं गाळतो, आन् ते फडकं धुतल्यालं पाणी परत त्याच हिरीत नेऊन वततो. म्हंतो, न्हायतर त्यातलं जीव मरतील. लोक हसत्यात त्याला. आन् दिवस बुडाला की चूल बंद. राजा आला तरी वाडायचा न्हाय!"

जैन! एकदाचा आमचा माणूस मिळाला! मी आनंदानं यादीत पहिला नंबर त्यालाच दिला. अंबुबाईंनी पानात बांधलेली चटणीची पुडी हातावर ठेवली. "तुज्यासाठी आणली. जरा कडू हाय, पर दह्यात बरी लागती."

चिमूटभर जिभेवर ठेवली.

मेथ्या.

४ मार्च

अंबुबाई रात्री आमच्याकडेच राहिल्या. सकाळी त्यांची मोटार सुटायच्या आत विचारलं, "दशमी कोण भाजतं तिथं?" "त्याची बायकू. तिकडचीच हाय. कडंवर लेकरू, लई गोड. का गं?"

"यादीत लिहायला," म्हटलं.

५ मार्च

आत्याबाईंच्या ताटात तीच चटणी वाढली. मामंजी बाहेर तिकिटांवर होते. एक घास, आणि हात थांबला. चटणीकडे बघत राहिल्या.

"कुनी दिली?"

"बंदरामागनं आली."

कुठलं बंदर, हे विचारलं नाही! मग माझंच धाडस झालं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हळू बोल. दोन वर्सं झाली." त्यांचा आवाज फुटला. "तू हाईस म्हणून तो अजून ह्या घरचा हाय गं. तू गेलीस की लोक इचारणार, गाव थुकणार, आन् मग माजा पोरगा मला मेल्यागत."

आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मलाही रडू आलं. त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला.

म्हणून बंदरामागे जाऊ नये! नऊ-दहा बायका दर आठवड्याला, दोन वर्षं. मीच सगळ्यांना अडवत राहिले. माझ्याच तोंडानं!

६ मार्च

मामंजी रोजच्यासारखेच जेवले. "ताक पातळ झालंय," म्हणाले. मी आणखी वाढलं. बोलून काय होणार? दादाला पत्र लिहू? पत्र टाकायलाही मामंजींच्याच हाती द्यावं लागतं.

२२ मार्च

कुणालाच यादी सांगितली नाही आज. एक बाई म्हणाली, "तब्येत बरी न्हाय काय?" दार, सोपा, चूल, दार. पावलं मोजली. बावीस होतात.

२ एप्रिल

निपाणीच्या रुक्माबाई आल्या, बरोबर सात बायका, मुंबईला लग्नाला. रुक्माबाई म्हणजे आमच्या समाजाचं वर्तमानपत्र. त्यांना कळलं की चिकोडीपर्यंत आपोआप पोचतं.

"सकाळी कुटं खायाचं गं, ब्राह्मी?"

मामंजी बाहेर गाडीवर सामान चढवत होते. मी रुक्माबाईंच्या कानाशी गेले. "बंदरामागं. जैन खानावळ आहे. मालकाचं नाव बाबगोंडा."

नवऱ्याचं नाव! चार वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. रुक्माबाई पाणी पिता पिता थांबल्या. काही विचारायची गरज पडली नाही त्यांना. तांब्या खाली ठेवला, माझा हात धरला.

"निरोप काय देऊ, बाई?"

"परतताना बरोबर घेऊन या. एकदा घरात पाय ठेवू दे म्हणावं. बाकी काही नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी. "सोन्यासारखी बाई! अजून वाट बघतीया," म्हणाल्या. मी मान खाली घातली.

इथंही लिहिते. बाबगोंडा. बाबगोंडा. काहीच होत नाही लिहून.

११ एप्रिल

मोटार आली. रुक्माबाई नाहीत. मेथ्या निवडून ठेवल्या होत्या, परत डब्यात टाकल्या.

१७ एप्रिल, बोरगाव

परवा आला. रुक्माबाईंनी जवळजवळ दंडाला धरूनच उतरवला. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो उंबऱ्याच्या आत आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन दिवसांत परत जायचंय मला." मी म्हटलं, "हो, लेकरू वाट बघत असेल." मग पाट मांडला, ताट वाढलं, चटणी वाढली, साधी, मेथ्या न घातलेली. मामंजींसमोर उभी राहिले. "पोरानं घरात पाय ठेवला. तुमचा शब्द होता." सोप्यावर सात बायका ऐकत होत्या.

वही घेतली, चप्पल घातली, आणि निपाणीच्या मोटारीत बसले. यादीची पानं तेवढी फाडून सोप्यावर ठेवून आले. पावसाळा सरला की दिवाळीनंतर दादा वेंगुर्ल्याला नेणार आहे. घावन कुठं खायचं ते पाठ आहे.