घरचा शाळू

६ जानेवारी २०२५
निपाणीच्या शाळेत पाऊण तास बोललो. विषय: ताटातलं अन्न येतं कुठून? विचारलं, ज्वारी कुठून येते? सहावीतली सौम्या म्हणाली, "पोत्यातनं." ही पिढी संपली. तिथल्या तिथे जाहीर केलं: पंचवीस मुलांना माझ्या कोगनोळीच्या मळ्यात नेणार, उभा शाळू दाखवणार. मी दुकानातली ज्वारी कधी खाल्लेली नाही. घास तोंडात घेतला की माती ओळखतो. (वाक्य जमलं. पुन्हा वापरावं.)

८ जानेवारी
मळा अक्काताई कसते. माझी थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हा वडिलांनी चोळी-बांगडीसाठी तो तिच्याकडे दिला. उतारा अर्थात माझ्या नावावर. दर पाडव्याच्या आधी घरच्या शाळूचं पोतं धाडते. तिला फोन करायचा राहिला. गरज काय? मळा माझाच. मी शेवटचा गेलो त्याला सहा वर्षं झाली. व्याख्यानांतून सवड कुठे?

११ जानेवारी, संध्याकाळ
बांधापासून बांधापर्यंत तंबाखू.
भाषण ओठावर होतं, तेच सुरू केलं. मुलांनो, हेच तुमचं अन्न! सौम्या मध्येच, "सर, ह्ये खायचं न्हाय, थुकायचं पीक हाय." मुलं हसली. दोन शिक्षकही हसले. नावं लक्षात ठेवली आहेत.
अक्काताईला बाजूला घेतलं. शाळू कुठाय? म्हणाली, "पाखरं राखायला मानूस मिळत न्हाय रं जिनू. तुझं पोतं येतंय न्हवं येळंला? मग गप बस की." म्हणजे बांधापलीकडच्या आमच्या वरच्या तुकड्यात लावत असणार. बघायला वेळ नव्हता, बसवाला ओरडत होता.
तिने सगळ्यांना भाकरी दिली. कडू लागली. पानं खुडून तिचे हात काळे, चिकट. मुलांना सांगितलं, हीच अस्सल मातीची चव. सौम्याने भाकरी परत दिली.

१५ जानेवारी
विष पिकवणाऱ्या मळ्याचा मालक मी! तत्त्वापुढे नातं गौण. अक्काताईला साडेतीन पानी पत्र. तंबाखू निघाली की मळा शाळेच्या अन्नशेतीला द्यायचा. ती विरोध करेल. उत्तरादाखल अकरा मुद्दे तयार.

२० फेब्रुवारी
विरोध केला नाही. मुद्दे वाया.
खोपटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "घे बाबा. लेकीच्या दारात कवा ऱ्हायले न्हवते, आता त्ये बी बघू." खानापूरला ब्राह्मीकडे गेली. टोमणा असावा. सोबत एक पिशवी आणि विळा. विळा कशाला, कळलं नाही. स्टँडवर सोडणार होतो, पण दुपारी व्याख्यान होतं: 'स्त्री आणि शेती'. उत्तम झालं.

१० मार्च
अन्नशेतीला एकही मूल नाही. पालक म्हणतात, परीक्षा. शाळा म्हणते, ऊन. नादान समाज. मीही गेलो नाही (ऊन). उद्या पहाटे पाचला नक्की.

२७ मार्च
पाडवा तीन दिवसांवर. दीप्ती म्हणते, डबा रिकामा, वन्संचं पोतं अजून कसं नाही? वरच्या तुकड्यात जाऊन आलो. नुसता मुरूम. तिथे गवतही नाही.

२८ मार्च
निपाणीत धान्याच्या दुकानात गेलो. पहिल्यांदाच. मालक गोमटेश लगेच म्हणाला, "अक्काताईंचं भाऊ न्हवं तुमी? या की. त्यास्नी पोतं दरसाली हितनंच. छापाचं नको, साध्या पोत्यात घाल म्हनायच्या. भाऊ लई बारीक बघतोय."
किती वर्षं?
"पाच-सा झाली की."
मी विचारलं, ही ज्वारी येते कुठून?
त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "पोत्यातनं, सर."
साध्या पोत्यात घालून घेतली.
दारात दीप्तीने विचारलं, आलं का वन्संचं? म्हटलं, आलं. घरचाच शाळू.
भाकरी नेहमीसारखीच लागली.