अप्पांचा जकातनाका, हिल्सबरो

१४ मे २००३, बुधवार
आजपासून घरात फक्त इंग्रजी! शिरीषचा हुकूम. इंग्रजीची परीक्षा दहा दिवसांवर. रेसिडेन्सीचा अर्ज त्याच्या नावाने, म्हणून त्याला नऊपैकी साडेसहा हवेत. मी नुसती बायको — मला पाच पुरेत. वर्क परमिट ऑगस्टमध्ये संपतंय. नाही जमलं तर बोऱ्याबिस्तर.
सासरे — अप्पा — साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. त्यांनी "पास द आमटी" म्हणून हुकूम पाळला.

१६ मे
आमच्या लेकीला, सानिकाला, शाळेत प्रोजेक्ट मिळालाय: इथले, न्यूझीलंडचे, जुने इमिग्रेशनचे कायदे. १८९९ साली म्हणे बोटीतून उतरणाऱ्याला युरोपियन भाषेत अर्ज लिहावा लागायचा. आईवडील ब्रिटिश वंशाचे असतील तर मात्र माफ! आपले गुजराती लोक फिजीत थांबून अर्ज चक्क पाठ करून यायचे.
अप्पा खूश. "म्हणजे घोकंपट्टी! आपलीच पद्धत!"

१८ मे, रविवार
हसून हसून पोट दुखतंय.
सानिकाला प्रोजेक्टसाठी फोटो हवे होते. मागचा लाकडी ओटा — डेक — म्हणजे बोट, स्वयंपाकघर म्हणजे न्यूझीलंड. दारात अप्पा, अधिकारी — शिरीषचा रेनकोट आणि माझी गॉगल लावलेली हॅट. चाळीस वर्षं हेडमास्तर होते, त्यांना काय शिकवायचं!
बोटीतला प्रवासी शिरीष. त्याने अर्ज लिहून दिला. अप्पांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
"ही कुठली युरोपियन भाषा?"
"अप्पा, इंग्लिश!"
"वाचता येत नाही. नापास. बोटीवर परत!"
तेवढ्यात शेजारचा कॉलिन शिडी परत करायला आला. "किया ओरा!" — म्हणजे इथला माओरी नमस्कार. अप्पांनी इंग्रजीत विचारलं, आईवडील कुठले? "अं... डॅड स्कॉटिश?" संपलं! त्याला परीक्षाच नाही. थेट आत, चहा, वर चकली.
आणि मग धो धो पाऊस. शिरीष डेकवर. मी म्हटलं, "घ्या ना आत त्याला." अप्पा ढिम्म. सानिका ओरडली, "आजोबा, दॅट्स सो अनफेअर!"
अप्पा म्हणाले, "तोच तर कायदा होता, बाळ. कागदावर भाषेची परीक्षा. खरी परीक्षा माणूस कुठला याची."
कॉलिनला काय कळलं देव जाणे! बशी उचलून बाहेर गेला, शिरीषशेजारी पावसात बसला. म्हणाला, "बिट वेट, मेट." दोघांनी भिजलेल्या चकल्या खाल्ल्या.
फोटो झकास आलेत.

२४ मे
परीक्षा दिली. शिरीष बाहेर येऊन म्हणाला, "स्वीट अ‍ॅज!" — इथल्या बोलीत 'एकदम झकास'. मी निबंधात आमटीची कृती घुसडली. का, विचारू नये.

६ जून, शुक्रवार
निकाल. शिरीष — सहा. मी — साडेसात!!
शिरीष गराजमध्ये जाऊन बसलाय. कसलीही चेष्टा न करता अप्पा त्याच्यासाठी चहा घेऊन गेले.
मी ईस्ट टामाकीच्या कारखान्यात मशीनची ड्रॉइंग्ज काढते, तीही स्किल्ड नोकरीच आहे. आज साहेबांकडे तसं पत्र मागितलं.

८ जून
अर्ज नव्याने भरला. मुख्य अर्जदार: दमयंती. शिरीषचं नाव खालच्या रकान्यात, माझ्यावर अवलंबून.
बराच वेळ पेन धरून बसला होता. मग हळूच म्हणाला, "एकदा बघ ना गं — डिपेंडंटचं स्पेलिंग बरोबर आहे?"