देवामार्फत चाललेलं भांडण

प्रिय आणि (लहानपणी माझा कान धरून पाढे शिकवलेस म्हणून) आदरणीय ताई,

प्रभूमध्ये तुला आणि भावोजींना धाकट्याचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? दोन्हींची वेगवेगळी चौकशी केली आहे असं समज, कारण गेल्या वेळी मी फक्त उजव्याची केली आणि डावा रुसला, असं भावोजींनी कळवलं होतं. भावोजींचा खोकला गेला का? निदान चर्चमध्ये उपदेश चालू असताना तरी थांबतो का? आम्ही इकडे देवाच्या कृपेने सुखरूप आहोत. (हा शब्द लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. पण राहू दे. आज सकाळपासून तो खरा आहे. त्याआधीचे अकरा दिवस मात्र खोटा होता, आणि तेच तुला सांगायला बसलो आहे.)

बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवतो, हे तुला नव्याने सांगायला नको. माझ्या हाताखालून एक दातांचे डॉक्टर, दोन नर्सबाई, एक मासे विकणाऱ्या काकू आणि आमचे पाळकसाहेबसुद्धा तयार झाले. (पाळकसाहेबांना गाडी मागे घेणं अजून जमत नाही. चर्चच्या कंपाउंडची भिंत साक्षीला आहे.) शिकवताना मी कधी आवाज चढवत नाही अशी माझी ख्याती, आणि त्या ख्यातीवर मी खूश असायचो. तेव्हा तुझी भावजय म्हणाली, मलाही शिकवा, तर मी मोठ्या मनाने हो म्हटलं. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात गाडी बंद पडली. एकदा पडली, दोनदा पडली, चौथ्यांदा पडली तेव्हा मागे हॉर्नचा नुसता गजर चालू होता. आणि ताई, परक्या माणसांपुढे बावीस वर्षं गिळलेला राग मी घरच्या माणसावर एकदम ओकलो. काय बोललो ते कागदावर आणत नाही. त्यात तिच्या डोक्याचा आणि तिच्या माहेरचा उल्लेख होता, एवढ्यावरून ओळख. तिने हँडब्रेक लावला (अगदी बरोबर लावला, हे मला त्याही वेळी जाणवलं), दार उघडलं आणि भर चौकातून चालत घरी गेली.

त्या दिवसापासून तिने माझ्याशी अबोला धरला. पण संध्याकाळी साडेसातची घरची प्रार्थना बाबांच्या वेळेपासून कधी चुकलेली नाही, ती कशी चुकेल? तुझी भावजय माझ्याशी बोलत नव्हती, देवाशी मात्र बोलत होती, आणि तेही मला नीट ऐकू जाईल अशा बेताने. पहिल्याच संध्याकाळी तिने हात जोडले आणि म्हणाली, हे प्रभू, जे परक्यांशी गोड आणि घरच्यांशी कडू बोलतात त्यांच्या जिभेला आवर घाल. मग माझी पाळी. मीही डोळे मिटून म्हणालो, हे प्रभू, राईचा पर्वत करणाऱ्यांना तू शांती दे. आई मध्ये बसलेली. तिने दोन्हींना आमेन म्हटलं, पण असं, की जणू औषधाचा घोट घेतेय.

हळूहळू सगळा संसारच त्या मार्गाने चालायला लागला. पाचव्या दिवशी ती म्हणाली, प्रभू, उद्या कुणी दुपारी घरी जेवायला येणार की नाही हे मला कळू दे. मी म्हणालो, प्रभू, उद्या शिकाऊ मुलांच्या परवान्याच्या परीक्षा आहेत, तू मला डबा पुरव. सकाळी डबा तयार होता. प्रार्थना ऐकल्या जातात यावर आमच्या चिमणीचा विश्वास त्या आठवड्यात फार वाढला. (आठ वर्षांची झाली, पुढचे दोन दात पडलेत.) पण सहाव्या दिवशी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "प्रभू, तू आमच्या घरी फार दमत असशील. आता झोप. आमेन." मला हसू आलं, तुझ्या भावजयीलाही आलं असावं, पण दोघांनीही ते दाबलं. तेव्हा हसलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं.

अकराव्या दिवशी, म्हणजे काल, मी पाच जणांना घेऊन परवान्याच्या परीक्षेला गेलो होतो. तिथे फोन बंद ठेवायचा हा माझाच नियम. इकडे आई धुवायचा पडदा काढायला स्टुलावर चढली (तिला नको म्हटलेलं सगळं ती करते, हे तुला माहीत आहे) आणि पडली. घाबरू नकोस, मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर घातलंय, आणि बसल्या जागेवरून ती आम्हाला कामाला लावते आहे. पण त्या वेळी चिमणी शाळेत, घरात आई आणि तुझी भावजय दोघीच. आजूबाजूचे सगळे कामावर गेलेले. अँब्युलन्सवाले म्हणाले, पाऊण तास लागेल. तुझ्या भावजयीने मला सात वेळा फोन लावला. सात वेळा, ताई. माझ्याशी न बोलणाऱ्या बाईने. मग दारात उभ्या असलेल्या माझ्या जुन्या शिकवणीच्या गाडीची तिने किल्ली घेतली. (तिच्याकडे अजून फक्त शिकाऊ परवाना आहे. भावोजींना पत्र वाचून दाखवताना हे वाक्य गाळ, ते कायद्याचे माणूस.)

त्या गाडीला शेजारच्या सीटसमोरही ब्रेक असतो. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या वळणावर तिच्या पायाला त्याचा शोध लागला. त्यानंतर जिथे जिथे आईच्या मते वेग जास्त होता तिथे तिथे गाडी थांबली. तुझी भावजय मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणत होती. आई सांगते, क्षमेची ओळ आली की गाडी बंद पडायची, की ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. असं आठ वेळा. नऊ किलोमीटर! आणि बरोबर त्याच टाकीजवळच्या चौकात पुन्हा बंद पडली, पुन्हा मागे हॉर्न. तिने किल्लीवरचा हात काढून घेतला. तेव्हा आई मोडका हात मांडीवर धरून म्हणाली, "सावकाश, बाळ. हात मोडलाय, मी काही मरत नाही. वाजवू दे त्यांना." गाडी सुरू झाली. बावीस वर्षं शिकवून मला जे वाक्य सुचलं नाही ते हे.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा गाडी दोन गाड्यांच्या जागेत तिरकी उभी होती, आणि तुझी भावजय व्हरांड्यातल्या बाकावर, दोन्ही हात अजून स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे करून. माझ्या मनात खूप होतं. तोंडातून निघालं, "हँडब्रेक लावलास का?" तिने मान डोलावली. अकरा दिवसांतलं आमचं हे पहिलं संभाषण.

संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली, हे प्रभू, मी तुझ्या लेकीला भर चौकात... तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. देवाने ते चौकातच ऐकलंय. डोळे उघड आणि तिला सांग."

डोळे मिटून किती सोपं जातं, हे मला उघडल्यावर कळलं. मी म्हणालो, "चुकलो. माहेरावरून बोललो ते तर फारच चुकलो. तुझ्यावर राग नव्हता गं. लोक म्हणतील, याच्याच बायकोला येत नाही, याची मला लाज वाटली." चिमणीने एक डोळा उघडून विचारलं, आमेन म्हणू का? म्हण, तुझी भावजय म्हणाली. मग पदराने नाक पुसत मला म्हणाली, "उद्यापासून पुन्हा शिकवा. आवाज चढला तर उतरून जाईन, आणि या वेळी किल्ली घेऊन जाईन."

आज सकाळी शिकवलं. ती उतरली नाही. चिमणीचा तुला पापा. भावोजींना सलाम.

तुझा धाकटा

ता. क. खरं सांगायचं तर पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कामासाठी. आईने तुला न विचारता बाबांचं व्हायोलिन चर्चला देऊन टाकलं, तू फोनवर नको ते बोललीस, तीही बोलली, आणि तुमच्या अबोल्याला चौदा महिने झाले. ती रोज प्रार्थनेत तुझं नाव घेते. काल तिने मला थांबवलं तेव्हा विचारावंसं वाटलं, की आई, मग तू? विचारलं नाही, हात मोडलेला होता. तुझा नंबर हरवला असं ती म्हणते. तिच्या प्रार्थनेच्या वहीत पहिल्याच पानावर आहे. तूच फोन कर ना. मी लिहिलंय हे तिला कळू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. ताई, मी तुमची भावजय. पाकिटात घालण्याआधी पत्र वाचलं. अंतर साडेचार किलोमीटर आहे. गाडी तीनदा बंद पडली, त्यातली दोनदा आईंच्या पायामुळे. आणि व्हायोलिनचं लिहायला यांना आईंनीच सांगितलं, लिहून झाल्यावर दोनदा वाचूनही घेतलं. आज दुपारपासून त्या फोनजवळच्या खुर्चीवर बसल्या आहेत. विचारलं तर म्हणतात, इथे वारा चांगला येतो. खिडकी तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे.