डावा पाय, निळी बादली

४ मार्च
कारखान्याच्या डॉक्टरांनी बीपी घेतलं. १६४/१०२. रोज एक गोळी लिहून दिली. वीस तारखेला पुन्हा तपासणी. तेव्हा उतरलं नसेल तर क्रेनच्या केबिनमधून खाली, स्टोअरमध्ये. बावीस वर्षं वर बसतोय. तिथून फोरमनचं टक्कल दिसतं, आवाज येत नाही. ही जागा सोडणार नाही.

५ मार्च, सकाळी ६
गोळी घेतली. मग मोबाइलवर एक गृहस्थ म्हणाले, गोळी एकदा लागली की जन्माची चिकटली. पांढरा कोट होता. मागे पुस्तकांचं कपाटही. एवढं कपाट असलेला माणूस कशाला खोटं बोलेल?

७ मार्च
बीपीचं मशीन आणलं. सुरुवातीची रीडिंग वाईट, मशीन नवीन असल्यामुळे. सातव्यांदा १४८. वहीत तेवढंच लिहिलं.

९ मार्च
मोरीच्या दारावर डावा अंगठा आपटला. नख काळंनिळं. ठणका थांबेना म्हणून पाय निळ्या बादलीत, गार पाण्यात. सहज मशीन लावलं तर १४२. शोध असेच लागतात. बादलीतल्या पायाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: रोज दहा मिनिटं डावा पाय गार पाण्यात, बीपी गायब. बायकोने विचारलं, गोळी घेतली का. कौतुक म्हणून नाहीच.

१४ मार्च
फोरमनकडून मेसेज. परदेशातल्या तज्ज्ञांनीही हेच शोधून काढलंय. लाखभर लोकांना गुण आला. सोबत फोटोही. त्यांचीही बादली निळीच. नखही काळं, दारं काय, सगळीकडे सारखीच. बायकोला दाखवलं. तिने फोटो बघितला, मोरीत जाऊन बादली बघितली आणि म्हणाली, तुमच्यापुढे हात टेकले. म्हणजे पटलं.
गोळी आजपासून बंद.

२० मार्च
१७८/११०. डॉक्टरांना संशोधन समजावून सांगितलं, मेसेज दाखवला. त्यांनी वजनासाठी बूट-मोजे काढायला लावले. मग अंगठ्याकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं, पुन्हा अंगठ्याकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाजेने मान खाली घातली, तर तिथेही अंगठाच.

२१ मार्च
सकाळी मुकाट्याने गोळी घेतली. स्टोअरमध्ये हजर झालो. वर माझ्या खुर्चीत दुसराच. फार वाईट वाटलं.

स्टोअरकीपरलाही बीपी आहे. मेसेज वाचून आठवड्यापूर्वी गोळी सोडली, टेबलाखाली बादली. म्हटलं, अहो, तज्ज्ञबिज्ञ कुणी नाही, तो पाय माझा आहे, गोळी घ्या. ऐकेना. शेवटी बूट-मोजा काढून पाय टेबलावर ठेवला. त्याने चष्मा लावला, फोटोशी ताडून पाहिलं. म्हणाला, नख सेम आहे, पण फोटोतला अंगठा शिकलेला वाटतो.