तपासणीचा बल्ब

बाबा, वाडीतल्या शेडची घंटा मी बसवली, पण तिच्याबद्दल आपलं धड बोलणं कधी झालं नाही. एकदा झालं, त्यात मीच बोलले. तुम्हाला जाऊन आता तीसहून जास्त वर्षं झाली. मीही शाळेतून रिटायर झाले आहे. घरात एकटीच असते आणि दुपारी वेळ जाता जात नाही. म्हणून लिहायला बसले.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आईला जाऊन वर्ष झालं होतं. तुम्ही हेडमास्तरकीतून मोकळे होऊन करडी गावातल्या घरी एकटे राहत होता, मी तुमसरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. घरामागच्या वाडीत तुम्ही वांगी, मिरच्या आणि वालासारख्या पोपटाच्या शेंगा लावल्या होत्या. तिथल्या टिनाच्या शेडमधून पाण्याची मोटर कोणीतरी भरदुपारी उचलून नेली, तेव्हा नवी मोटर आणण्याआधी दाराला घंटा बसवायचं मी ठरवलं. दार उघडलं की चौकटीतलं बटण सुटायचं आणि घंटा वाजायची. तुम्ही स्टुलावर बसून माझं काम पाहत होता. "अन् लाइन गेली तर मंग?" एवढंच विचारलंत. गावात लाइन दिवसातून चारदा जायची, त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर होता. पुढच्या रविवारी मी एक रिले आणि टॉर्चचे चार मोठे सेल घेऊन आले. लाइन असेपर्यंत घंटा ट्रान्सफॉर्मरवर चालायची, लाइन गेली की रिलेचा स्विच आपोआप सुटून तीच घंटा सेलवर जायची. मी मेन स्विच बंद करते, तुम्ही दार उघडता, घंटा खणखणते आणि तुम्ही मोठ्याने हसता. आई गेल्यापासून तुम्हाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. कुंपणापलीकडून शेजारचे काका काठी घेऊन धावत आले, मागून काकू पदर खोचत. "कुठं हाये चोर, गुरुजी?" "चोर नाही, पोरीनं तुमची परीक्षा घेतली. पास झाले तुम्ही, बसा आता," तुम्ही म्हणालात आणि सगळ्यांना चहा पाजलात.

ते सेल वर्षभर पुरतील असा माझा हिशेब होता. दिवाळीला आले तर संपलेले. नवे घातले, संक्रांतीला पाहते तर तेही संपलेले. "लाइन लई जाऊन राहिली," तुम्ही वांग्यांकडे बघत म्हणालात. मी कुंपणाशी जाऊन काकूंना विचारलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि हसायलाच लागल्या. "अवं बाई, तुह्या बाबाची घंटी रोज चार वाजता वाजते! मेन बंद करतेत अन् दार उघडून बसतेत, आम्ही येतपर्यंत वाजूच देतेत. पहिले आम्ही पळत जात होतो, आता आरामात जातो. गुरुजी म्हणतेत, टेस्टिंग करून राहिलो. चुलीवर चाय आधीच ठेवलेली रायते. एक दिवस घंटी नाही वाजली त आमचे हे म्हणतेत, काहून वं, गुरुजीची साखर संपली का काय?"

मी परत आले तेव्हा तुम्ही कपबश्या धूत होता. वर्गात पोरांना बोलायचे त्याच आवाजात मी तुम्हाला बोलले. "बाबा, सेल खेळायला आणले का मी? रोज उगाच घंटा वाजवली तर खरोखर वाजेल त्या दिवशी कोण येईल?" ज्यांनी आयुष्यभर शाळा चालवली, त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. "बरोबर हाये तुहं," म्हणालात. मग मी आणखी एक काम केलं. घरात, तुमच्या खाटेजवळ, एक खटका आणि टॉर्चचा छोटा बल्ब बसवून दिला. खटका दाबला की घंटा न वाजता बल्ब लागायचा. सेल ठीक आहेत की नाही ते कळायचं, शेडपर्यंत जायला नको, कोणाला बोलवायला नको. तुम्ही खटका दोनदा दाबून पाहिलात. "चांगलं केलंस," म्हणालात. त्यानंतर दर आठवड्याला तुमचं पोस्टकार्ड येई. बल्ब लागला. सेल ठीक. तब्येत बरी. मला ती कार्डं वाचून समाधान वाटायचं. सेल पुढची दिवाळी ओलांडून गेले.

त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. झोपेतच गेलात असं डॉक्टर म्हणाले. काकूंना ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, दारातलं दूध तसंच दिसलं म्हणून. मी पोहोचले तेव्हा त्या माझा हात धरून रडत होत्या. "घंटी वाजे तवा रोज येणं होत होतं, बाई. मंग नाही झालं. बोलावल्याबिगर कसं जावं कोणाच्या घरी?"

तेराव्याला सगळे म्हणत होते, पोरीनं बापाची किती काळजी घेतली, घंटासुद्धा बसवून दिली. मी ऐकत बसले. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, म्हणून इथे लिहिते. कुंपणाशी काकू हसत सांगत होत्या, तेव्हाच मला कळलं होतं तुम्ही घंटा का वाजवता. ते कळलं असं तुम्हाला सांगितलं असतं, तर मला दर रविवारी करडीला यावं लागलं असतं. म्हणून मी सेलबद्दल बोलले.